सेव्ह केलेले २१४ सल्ले : प्रकल्प नोंदी

३ जून

फोनमधल्या 'मन' नावाच्या फोल्डरमध्ये आज मोजून २१४ गोष्टी निघाल्या. रील्स, लेख, कुणाकुणाचे लांबलचक अनुभव, श्वासाचे व्यायाम, 'ही सात लक्षणं असतील तर' छापाची चित्रं. फेब्रुवारीत पहिला पॅनिक अटॅक आला तेव्हापासून हे साठत गेलंय. त्याच महिन्यापासून आठवड्यातून एकदा ५० मिनिटं मॅडमकडे जातो. ('माझ्या थेरपिस्ट' म्हणायला अजून जीभ वळत नाही, म्हणून मॅडम.) आठवड्याच्या १६८ तासांतला धड एक तासही त्यांच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या वेळात मी आणि हा फोल्डर.

नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. डोक्यात गुंता झाला की तक्ता करायचा, ही सवय. रकाने असे: सल्ला काय, कधी वाचला, करून पाहिला का, काय झालं, मॅडमना सांगितलं का.

शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरून झाला. २१४ वेळा 'नाही'.

५ जून

वर्गवारी. नुसत्या श्वासावर ३८. त्यातले निम्मे तरी एकच आहेत: चार मोजत आत, चार थांबा, चार मोजत बाहेर, चार थांबा. ऑफिसात असते तर डुप्लिकेट म्हणून बंद केले असते.

टेस्टिंगमध्ये 'चालतंय' किंवा 'बिघडलंय' एवढं लिहून भागत नाही. कुठल्या मशीनवर, कुठली आवृत्ती, आधी काय केलं होतं, सगळं लिहावं लागतं. म्हणून एक गोष्ट मुद्दाम शोधली: हा सल्ला कुणी वापरू नये, हे किती ठिकाणी लिहिलंय? २१४ मध्ये सहा ठिकाणी. डेव्हलपर लोकांचं 'माझ्या मशीनवर तर चालतंय' आठवलं. ते खोटं बोलत नसतात, तिथंच तर सगळी गोम असते.

८ जून

मीटिंगमध्ये धडधड सुरू झाली. चार-चार-चार-चार केलं. थांबली. या महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं, तरी पुढच्या मीटिंगची भीती आधीपेक्षा वाढलीच आहे. आता आत शिरण्याआधीच मोजायला लागतो. काल कुणीतरी मध्येच प्रश्न विचारला, मोजणी चुकली, आणि मोजणी चुकल्यामुळेच धडधड वाढली.

तक्त्यात 'काय झालं' खाली काय लिहायचं ते कळेना. 'चाललं' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

११ जून (सेशन)

पहिल्यांदाच बोललो. फोल्डरबद्दल सगळं नाही, श्वासापुरतं.

मॅडमनी विचारलं, "श्वास मोजला नसता तर काय झालं असतं, असं वाटतं?"

मी म्हटलं, कोसळलो असतो.

"किती वेळा कोसळलात आतापर्यंत?"

एकदाही नाही.

मग त्यांनी समजावलं ते जसं आठवतंय तसं लिहितो. पॅनिकचा झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि आपसूक उतरतो. उतरायच्या वेळी मी श्वास मोजत असतो, म्हणून श्रेय श्वासाला जातं. मन हिशेब मांडतं की आज मोजलं म्हणून वाचलो. धोका नव्हताच, हे शिकायची वेळच त्याच्यावर येत नाही. याला त्यांच्याकडे सुरक्षा-वर्तन म्हणतात. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलेलं पॅनिकचं गणितही सांगितलं: शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावायचा, त्या अर्थाने घाबरायचं, घाबरल्याने संवेदना वाढते, की पुन्हा तोच अर्थ, अजून घट्ट.

उपाय ऐकून मी हसलोच. ती धडधड, ती चक्कर मुद्दाम आणायची. खुर्चीत गरगर फिरायचं, जागच्या जागी धावायचं, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. आणि मग शांत व्हायचा काहीही प्रयत्न न करता नुसतं बसायचं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी ईसीजी वगैरे करून हृदय ठीक असल्याचं सांगितलंय ना, हे त्यांनी आधी पुन्हा विचारून घेतलं.

म्हणजे फोल्डरमधले ३८ सल्ले म्हणतात शांत व्हा, आणि मॅडम म्हणतात शांत होऊ नका. "मग ते ३८ चूक?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, "सकाळच्या माझ्या एका क्लायंटला मी हाच श्वास शिकवला. त्यांना दिवसभर अंग आखडून बसायची सवय आहे. तुम्ही त्याच्या आडून पळता."

१४ जून

स्ट्रॉ. एक मिनिट. महाभयंकर.

१५ जून

स्ट्रॉ. एक मिनिट. भयंकर.

१८ जून (सेशन)

आज चाचण्यांचं कबूल केलं. पीएचक्यू-९ (नैराश्याची) आणि जीएडी-७ (चिंतेची) या दोन प्रश्नावल्या मी गेल्या महिन्यात अकरा वेळा भरल्यात. दोन्ही चांगल्या आहेत, दवाखान्यातही वापरतात. पहिली २००१ ची, नऊ प्रश्न, गुण ० ते २७. दुसरी २००६ ची, सात प्रश्न, ० ते २१. दोन्हींत दहा किंवा जास्त आले की नीट तपासून घ्यावं, असा ढोबळ संकेत. पण दोन्ही विचारतात गेल्या दोन आठवड्यांबद्दल आणि मी त्या भरतोय दर दोन-तीन दिवसांनी, मध्यरात्री. माझे आकडे: ९, १४, ११, १५, ८. दोन आठवडे एवढ्या वेगाने बदलत नसतात. मी मोजत होतो ती रात्र.

चाचणी खूण दाखवते, निदान करत नाही, हे मला आधीही ठाऊक होतं. ठाऊक असूनही १५ चा आकडा पाहून पहाटे चारपर्यंत जागा होतो.

मॅडम एका प्रश्नावर मात्र थांबल्या. पीएचक्यूचा नववा: मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार आले का. तिथे मी नेहमी शून्य भरलंय आणि ते खरं आहे. तरीही त्यांनी कागद काढून माझ्याकडून लिहून घेतलं. तिथे कधी शून्याशिवाय काही आलं तर पुढच्या सेशनची वाट पाहायची नाही आणि सर्चही करायचं नाही. आधी ताईला फोन, मग मॅडमना, दोघींनी नाही उचलला तर हेल्पलाइन, आणि हातून काही होईल असं वाटलं तर थेट इमर्जन्सी. नंबर कागदावरच लिहिलेत, कारण तशा वेळी माणूस नंबर शोधत बसत नाही. कागद पाकिटात आहे. या विषयाला तक्त्यात रकाना नाही आणि करणारही नाही.

२१ जून

चार दिवसांपासून मला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, तो विकार) आहे.

झालं असं की एक रील पाहिलं, 'फोन हातात असताना फोन शोधता का?' मी शोधतो. 'एक काम अर्धवट सोडून दुसरं घेता का?' घेतो. मग अल्गोरिदमने सत्तर-ऐंशी रील्स पुढ्यात ओतली. प्रत्येकात मीच.

आज सकाळी जरा भानावर आलो आणि कॉलेजात शिकलेला एक प्रयोग आठवला. बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमच्या चाचणीवरून काढलेलं तुमचं स्वभावचित्र' दिलं आणि ते किती जुळतं ते पाचपैकी विचारलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. हा पेपर १९४९ चा, तेव्हा रील्स नव्हती.

टिकटॉकवरच्या एडीएचडीच्या सर्वाधिक पाहिलेल्या १०० व्हिडिओंची तपासणी २०२२ मध्ये एका कॅनडातल्या नियतकालिकात छापून आलीय. त्यातले ५२ दिशाभूल करणारे निघाले. पण उरलेल्यांत २१ उपयोगी होते, हेही लिहून ठेवतो. असल्याच एखाद्या व्हिडिओमुळे माझी एक सहकारी पस्तिसाव्या वर्षी तपासणीला गेली आणि तिला खरंच एडीएचडी निघाला. तिच्यासमोर मी रील्सना नावं ठेवू शकत नाही.

२५ जून (सेशन)

एडीएचडीचं भीतभीत सांगितलं. वाटलं होतं हसतील. त्यांनी वही घेतली आणि विचारलं, "बारा वर्षांचे व्हायच्या आधी कसे होतात?" निकषच तसा आहे म्हणे: बरीचशी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, आणि ती एकाच जागी दिसून चालत नाहीत, घरी आणि कामावर अशी किमान दोन ठिकाणी हवीत. रील्समध्ये हे एकदाही ऐकलं नव्हतं.

मला आठवेना. तिथूनच ताईला फोन लावला.

"तू? तू वह्या दोनदा लिहायचास रे, एक कच्ची, एक पक्की. पण दप्तर मात्र आठवड्यातून दोनदा शाळेत विसरून यायचास."

म्हणजे पुरावा दोन्हीकडून. मॅडमचं मत असं की चिंता आणि अपुरी झोप यांनीही लक्ष असंच उडतं, आणि दोन्ही एकदम असूही शकतं. नीट तपासणी करणाऱ्यांकडे पाठवतील, घाई नाही. तक्त्यात 'बंद' लिहायला हात शिवशिवत होता. 'प्रलंबित' लिहिलं.

२६ जून

काल एक राहिलं लिहायचं. झोपेच्या बाबतीत फोल्डर जिंकला. अंथरुण फक्त झोपेसाठी ठेवायचं, वीसेक मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. हे एका लेखातून उचलून मी आठ दिवस केलं होतं. मॅडमना सांगितल्यावर त्या खूश. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि निद्रानाशाच्या उपचारात आजही वापरतात. मॅडमनी एवढीच भर घातली की उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोप कितीही झालेली असो.

त्याच लेखातला पुढचा भाग म्हणजे अंथरुणातले तास मोजूनमापून कमी करणं. तो मी सोमवारपासून सुरू करणार होतो. त्यांनी हात वर केला. घरात कुणाला बायपोलर, कुणाला फिट्स? मी म्हणालो, एक मामा होते, 'त्यांना बरं नसायचं' एवढंच आम्हाला सांगितलंय. चार-चार दिवस झोपायचे नाहीत आणि घर डोक्यावर घ्यायचे.

त्या म्हणाल्या, "मग हा भाग आत्ता नको. झोप तोडली की काही जणांचा तोल जातो. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलू."

लेखात चूक काहीच नव्हती. लेखाला माझा मामा माहीत नव्हता.

२९ जून

हे लिहायची लाज वाटते. 'मी गोळ्या माझ्या मनाने सोडल्या आणि नव्याने जन्मलो' असा एक अनुभव वाचला आणि शुक्रवारपासून डॉक्टरांनी चिंतेसाठी दिलेली गोळी घेतली नाही. आज मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतंय. चक्कर. चिडचिड.

लक्षण सर्च केलं तर याला नाव आहे, आणि हजारो लोकांनी लिहिलंय. त्यातल्या निम्म्यांनी 'सहन करा, निघून जाईल' म्हटलंय. मॅडमना मेसेज केला. उत्तर एका ओळीचं: औषधाचं मी सांगू शकत नाही, डॉक्टरांना आत्ता फोन करा. केला. अचानक थांबवल्याने असं होतं, गोळी पुन्हा सुरू करा, कधी बंद करायची झाली तर हळूहळू डोस उतरवू, म्हणाले. ओरडले नाहीत. कुठलं 'नैसर्गिक' काही सोबत घेताय का, असंही विचारलं. सेंट जॉन्स वॉर्ट नावाची वनस्पती या गोळ्यांबरोबर घेणं धोक्याचं असतं. मी घेतली नव्हती. फोल्डरमध्ये मात्र ती दोन ठिकाणी आहे. दोन्ही डिलीट.

२ जुलै (सेशन)

आज उलटा प्रसंग. 'तुमचा थेरपिस्ट चांगला नाही हे कसं ओळखाल' हा लेख दोन आठवडे डोक्यात घोळत होता. त्यातले बरेच मुद्दे फुसके. थेरपिस्टने घड्याळ पाहिलं की वाईट, असले. एक मात्र खुपत होता: आपण नक्की कशासाठी येतोय हे दोघांनी मिळून ठरवलंय का?

विचारलं. जड गेलं, पण विचारलं.

मॅडम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दोन सेशनमध्ये बोललो होतो, नंतर मी ते पुन्हा काढलं नाही. बरोबर आहे तुमचं." एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: ध्येयावर एकमत, कामांवर एकमत, आणि आपुलकी. आमचं तिसरं बरं चाललंय, पहिलं ढिलं पडलं होतं. ५० मिनिटं त्यावर गेली. नवं ध्येय: मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची न पकडता बसता येणं. 'चिंता जाणं' खोडलं.

कुणी वाचत असेल तर एवढं: हे बोलून सुटण्याजोगं होतं. थेरपिस्ट तुमचं बोलणं बाहेर सांगत असेल, लगट करत असेल, टोचून बोलत असेल, तर चर्चा करत बसू नका. उठा आणि दुसरा शोधा, तक्रारही करा.

६ जुलै, रात्री २.४०

छातीत डावीकडे दुखलं. चॅटबॉटला विचारलं. त्याने छान समजावलं, चिंतेने असं होऊ शकतं, तपासण्या नॉर्मल आहेत तर शक्यता कमी, तरी त्रास वाढला तर डॉक्टर. हायसं वाटलं. मग वाटलं, डावीकडे म्हटलं पण थोडं वर आहे हे सांगायचं राहिलं. सांगितलं. पुन्हा छान उत्तर. मग हात. मग जबडा.

आत्ता मागे जाऊन मोजलं. एकच प्रश्न अकरा वेळा. आणि शेजारी वेळा आहेतच, म्हणून हायसं किती टिकलं तेही काढता आलं: ४० मिनिटं, २५, १२, १०, ६, ४, मग तीन-तीन, शेवटी दोन. इतका सुरेख आलेख ऑफिसात कधी मिळत नाही.

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा बोलणारा प्रोग्राम केला. तुमचंच वाक्य प्रश्न करून परत द्यायचा, एवढीच त्याची अक्कल. त्यांची सेक्रेटरी, जिने तो बनताना पाहिला होता, तिने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. मला तिचं काही चुकलंसं वाटत नाही. रात्री पावणेतीनला न कंटाळता उत्तर देणारं दुसरं कोण असतं?

९ जुलै (सेशन)

वही, तक्ता, आलेख, सगळं टेबलावर ठेवलं. फोल्डरसुद्धा. २१४ चा आकडा ऐकून मॅडमनी भुवई उंचावली, बस्स.

आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "यातलं कुठलं उत्तर चूक होतं?"

एकही नाही.

"मग अकराव्यांदा का विचारलंत?"

खात्री करून घ्यायला. ती खात्री दोन मिनिटं पुरली. चॅटबॉट कंटाळत नाही, हीच माझी पंचाईत आहे. माणूस तिसऱ्यांदा वैतागतो, चौथ्यांदा 'झोप आता' म्हणतो, आणि त्या वैतागात औषध असतं. मॅडमही हेच करत होत्या, ते आज लक्षात आलं. सेशनमध्ये 'मला काही होणार नाही ना?' असं मी दुसऱ्यांदा विचारलं की त्या उत्तर देत नाहीत. मला तो तुटकपणा वाटायचा. 'वाईट थेरपिस्ट'च्या लेखाखाली पेन्सिलने तसं लिहूनही ठेवलं होतं. तेही दाखवलं. हसल्या.

पण खरा दणका पुढे होता. वहीची पानं उलटत त्यांनी विचारलं, "या नोंदी किती वाजता लिहिता?"

दोन-तीन सोडल्या तर सगळ्या रात्री एकनंतरच्या. श्वास मोजणं, चाचण्या भरणं, सर्च, चॅटबॉट, आणि आता तक्ता. सगळी एकाच जातीची पिलावळ. प्रकल्पसुद्धा.

मी जरा चिडलो. एवढी मेहनत घेतली होती. त्या म्हणाल्या, फेकू नका, वेळ बदला. असं ठरलं:

प्रश्न पडला की एका ओळीत लिहायचा. लगेच शोधायचा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला २० मिनिटं. तोवर जो प्रश्न जिवंत असेल तोच शोधायचा, एकदाच. त्यातून जे करून पाहावंसं वाटेल ते करण्याआधी सेशनमध्ये. चिंतेला ठरावीक वेळ देण्याची ही कल्पना थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाच्या १९८३ मधल्या कामातली, तिथे अर्धा तास आहे. मला २० च मिनिटं मिळाली, का ते उघड आहे. आणि या नोंदी आठवड्यातून एकदाच, उजेडात.

१६ जुलै

आठवड्यात नऊ प्रश्न. पाच वाजेपर्यंत सहा विझले. त्यातला एक वाचून तर मला काय म्हणायचं होतं तेच कळेना. 'डोळ्यामागे खरं वाटत नाही??' अक्षर माझंच.

उरलेल्या तीनपैकी एक सेशनमध्ये नेला. दोन नेण्यासारखे नव्हते.

मंगळवारी नियम मोडला. रात्री दीड ते सव्वातीन. लिहून ठेवलं, पुढे गेलो.

२३ जुलै

फोल्डर साफ केला. २१४ मधले अकरा ठेवले. झोपेचा लेख आहे, औषधांच्या दुष्परिणामांचं एक सरळ पत्रक आहे, स्ट्रॉच्या व्यायामाचा एक व्हिडिओ आहे.

बाकी आठ एकाच माणसाचे आहेत. त्याला दहा वर्षं पॅनिकचा त्रास आहे. तो सल्ला देत नाही. आज लिफ्टमध्ये काय झालं, हात कसे गार पडले, बायकोने काय म्हटलं, एवढंच लिहितो. मॅडमना एकदा विचारलं होतं, तुम्हाला कधी अटॅक आलाय? नाही, म्हणाल्या. त्यांना सगळं कळतं, पण लिफ्टमधले ते गार हात त्यांचे नाहीत. यापुढे त्या माणसाचं पाचच्या २० मिनिटांत वाचायचं का, असं विचारलं. त्यांनी मलाच विचारलं, वाचून झाल्यावर पुढे काही सर्च करता का? नाही करत. "मग तो वेळ वेगळा धरा."

३० जुलै

मीटिंग. खिडकीकडची खुर्ची, दार समोरच्या टोकाला. विसाव्या मिनिटाला धडधड. बोटं आपोआप मोजायला लागली, एक, दोन, तीन, आणि मी हात टेबलावर उताणे ठेवले. कुणीतरी बजेटवर बोलत होतं. घाम. कान बंद. घड्याळ पाहिलं (तेही सुरक्षा-वर्तनच, माहीत आहे). सात मिनिटांनी बजेट ऐकू यायला लागलं.

एडीएचडीची तपासणी १२ ऑगस्टला. तक्त्यात तेवढी एकच ओळ उघडी आहे. मॅडमना सांगितलं का, या रकान्यात त्या ओळीला 'हो' आहे.

पुढची नोंद ६ ऑगस्टला, संध्याकाळी पाचनंतर.